कोपरा फाटलेलं पत्र

पांढरकवड्यात माझं काचेचं, फ्रेमचं दुकान, तिथलीच गोष्ट. आकाशाचं वेड असलेल्या आमच्या एका गुरुजींनी लिलावात अस्सल चीज मिळवली: दीडशे वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञानं दुसऱ्याला धाडलेलं पत्र. ते फ्रेम करायला आले, सोबत त्यांची आई. कोपरा फाटका दिसताच म्हातारी कडाडली, "कोण मेलं? मरणाचं पत्र घरात आनू देनार नाही मी!"

गुरुजींचा चेहराच उतरला. मी विचारलं, "लिहिलंय काय?"

"नवा तारा दिसला म्हणून कळवलंय."

मी म्हातारीला म्हटलं, "आई, ही तर जन्माची खबर!"

"मंग कोपऱ्याले हळद-कुंकू काहून नाही लावलं मेल्यानं?" म्हणत तिनं बटव्यातली पुडी काढली.

गुरुजी घामाघूम. मी आधी काच बसवली, मग म्हटलं, "लावा आता."

म्हातारीनं काचेवर बोट टेकवलं. "आता देवघरापाशी टांग."