कॅरिअर नसलेली सायकल

तुम्ही मला भोचक म्हणता ना, मग हे ऐकाच. आमच्या करंजाड्याच्या बिल्डिंगमधले, समोरच्या दारातले म्हात्रे भाऊजी रिटायर झाले आणि म्हणाले, सायकलवरून कन्याकुमारीला जाणार. तेव्हापासून वहिनींनी तोंडच मिटलं. भाऊजी कानकोंडे. "ती हो म्हणाल्याशिवाय मी काही निघत नाही," मला म्हणाले.

सायकल बघायला दोघं पनवेलला निघाले, तशी रिक्षात मीही बसले. बोलावलं कोणी नव्हतं.

दुकानदार दाखवत होता, ही हलकी, ही घाटाला चांगली. वहिनी मात्र प्रत्येक सायकलच्या मागे जाऊन एकच विचारायच्या, "हिला कॅरिअर नाही?"

"सामानाला बॅगा लावून देतो ना, काकू."

मला राहवेना. "वहिनी, कॅरिअर हवंय कशाला?"

"बसायला!" वहिनी भडकल्याच. "का मी घरी झाडांना पाणी घालत बसू? येतेस का, म्हणून विचारलंय मला कोणी?"

भाऊजी चाचरले, "अगं, एवढ्या लांब तुला मागे बसवून..."

"मग दुसरी घ्या! जासई गावची हाय मी, शाळेत सायकलनंच जायची!"

मी दुकानदाराला म्हटलं, "दोन काढा."

परवा दोघं निघाले. वहिनींनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. "तुम्ही विचारलंत, म्हणून जातेय हो. झाडांना पाणी घाला, आणि हवं तेवढं डोकावा."

इतकी वर्षं जे घर मी दाराच्या फटीतून पाहिलं, त्याची किल्ली! देव त्या दोघांचं भलं करो.