पहिल्या कॉलमला केळ

वज्रेश्वरी आईला मी बोलले होते, घर होऊ दे, पहिल्या खांबाला केळ आणि ऊस बांधीन. पूर्णा गावात आमच्या घराचं बांधकाम सुरू झालं नि मी बांधायला गेले, तर ठेकेदार हसायलाच लागला. "भाभी, ये कॉलम है, दूल्हा नहीं!"

आमचे हे त्यालाच सामील. "सोड ते, लोक बघतायत."

तेवढ्यात शेजारच्या गोडाऊनात मशीन बसवायला आलेल्या थायलंडच्या पाहुण्याने कॉलमला हात जोडले. "साओ एक!" मोबाइलवर त्याने अर्थ दाखवला, घराचा मानाचा पहिला खांब. त्यांच्याकडे त्यालाही केळ आणि ऊसच बांधतात. म्हणजे आपली मुहूर्तमेढच की!

ठेकेदाराने हेल्मेट काढलं. हे म्हणाले, "मी कुठे नको म्हटलं?"

तर बायांनो, तुम्हीही बांधा. हसणाऱ्यांना हसू द्या, आई कुठून साक्षीदार धाडेल सांगता येत नाही.