मुकं केलेलं धनुष्य

तुम्ही हसाल, पण माझं धनुष्य मुकं झालं त्या दुपारी मी जाम घाबरलो होतो.

जयगडच्या रस्त्याला आमची हापूसची कलमं आहेत. तिथे मी बांबूच्या लांब धनुष्याने नेमबाजी करतो. दोरी सुटली की मोठ्ठं टण्ण व्हायचं, त्याचा मला वैताग आला होता. म्हणून दोरीला जास्त पीळ देऊन ती आखडून घेतली आणि दोन्ही टोकांजवळ लोकरीचे गोंडे बांधले.

शेजारचे बापूकाका म्हणाले, "आवाज राहू दे रे. कलमांत शिरताना आपण जागेच्या राखणदाराला, इथल्या न दिसणाऱ्या देवाला, हाक देतो. तू कधी देत नाहीस. तुझी ती दोरीच देते."

मी ऐकतोय कुठला. दहा बाण मारले, सुकं पान पडावं एवढाच आवाज. मग दोरी उतरवून खिशात घातली आणि धनुष्य घेऊन काकांच्या पडवीत चहाला गेलो.

"झालं बघा मुकं," मी म्हणालो.

तेवढ्यात कलमांतून आवाज आला. टण्ण. अगदी माझ्याच दोरीचा.

माझा हात खिशात गेला. दोरी तिथेच होती.

काकांनी कप खाली ठेवला. "तू हाक देत नाहीस, म्हणून तो देतोय. सोड ते गोंडे."

तिथेच बसून सोडले, दोरीचा जादा पीळही उतरवला. आता धनुष्य पूर्वीसारखं वाजतं. फक्त प्रत्येक बाणानंतर मी जरा थांबतो, टण्ण एकदाच झालं ना ते ऐकायला.