वाफेची टाकी, कुकरची अक्कल

...आणि वर मलाच म्हणतात, "अण्णा, किती धुताय, भांडं आहे का ते?" अहो, भांडं असतं तर केव्हाच घासून उपडं घातलं असतं! भांड्याला निदान एक तोंड आणि एक बूड असतं. या टाकीला वरून झाकण, खालून झाकण, मध्ये काच, काचेच्या आत नळी, नळीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती कापूस, आणि जिथं जिथं दोन तुकडे एकमेकांना भेटतात तिथं तिथं रबराची रिंग... रिंग केवढी? चिमणीच्या पायात घालावी एवढी! आणि हे सगळं मिळून केवढं, तर माझ्या अंगठ्याएवढं. तुम्हाला सांगतो, जन्म पिठाच्या गिरणीत गेला माझा, ओतूरला. पट्टे बदलले, दगड बदलले, मोटर जळाली, पण हात जोडावेत असं यंत्र मी बघितलं ते इथं जपानात, या हिगाशी-कसाईत, लेकीच्या घरी. आणि एवढं करून ते करतं काय? तर वाफ!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. सावकाश. मला घाईनं सांगता येत नाही.

मी इथं आलो तो बिडी घेऊन आलो. शाळा नाही शिकलो पण बिडी शिकलो, काय करता. लेक, नेत्रा, विमानतळावरच म्हणाली, "अण्णा, इथं रस्त्यात ओढायची नाही." बरं, रस्त्यात नाही. "जिन्यात नाही." बरं. "घरात तर नाहीच नाही." मग राहिली गॅलरी. सहावा मजला, समोर तसल्याच इमारती, सगळीकडं गाद्या वाळत घातलेल्या. गुपचूप दोन झुरके घ्यायचो. कुणी काही बोललं नाही हो. एक शब्द नाही. पण दोन दिवसांनी लिफ्टमध्ये एक चित्र लागलं. चित्रात एक सिगारेट. तिला हातपाय, आणि ती बिचारी कंबरेत वाकून माफी मागतेय! आता मला सांगा, आपल्याकडं असतं तर? "ए म्हाताऱ्या, विझव ती!" संपला विषय. इथं सिगारेटलाच माफी मागायला लावली. मी लिफ्टमध्ये त्या चित्राला नमस्कार केला. खरंच केला.

पण ते जाऊ द्या. खरं लागलं ते नातीचं. राधिका, माझी नात. इथंच वाढली, मराठी समजतं, बोलते मात्र जपानी. तिला मांडीवर घ्यायला मी समुद्र ओलांडून आलो. हात पुढं केले, तर पोरगी नाक दाबून म्हणते, "कुसाई!" मी हसलो. म्हटलं, नमस्कार म्हणत असेल इथल्या भाषेत. जावई, पुष्करराव, फार सभ्य माणूस, खाली बघत म्हणाले, "अण्णा... वास येतो म्हणतेय."

संपलं ना! कोर्ट नाही, वकील नाही. बिडी, नाहीतर मांडी.

बिड्या दिल्या फेकून. एक बंडल तेवढं राहिलं. मोज्यात. अडीअडचणीला म्हणून. पण हात कुठं ठेवायचा? तोंड कुठं ठेवायचं? तेव्हा पुष्करराव म्हणाले, "अण्णा, नुसत्या वाफेचं एक मिळतं. तंबाखू नाही, काही नाही. खरबुजाचा वास येतो." मी म्हटलं, "म्हणजे चहा न घालता नुसता कप भुरकायचा?" म्हणाले, "तसंच."

आणि तुम्हाला सांगतो, ते दुकान! दुकान कसलं, सराफाची पेढीच. पोरगा जांभळ्या केसांचा, कानात बाळ्या. मी मनात म्हटलं, हा काय सांगणार? तर त्यानं आधी हातमोजे घातले, मखमलीचा तुकडा अंथरला, त्यावर ती टाकी ठेवली, दोन्ही हातांनी, बाळ पाळण्यात ठेवावं तशी, आणि एकेक तुकडा सुटा करून ओळीनं मांडला. हे झाकण. ही काच. ही कॉईल, म्हणजे ते तारेचं वेटोळं. ह्या रिंगा. नवी कॉईल घातली की कापसावर आधी तो खरबुजाच्या वासाचा रस थेंब थेंब सोडायचा, मग काचेच्या कडेनं भरायचं, मधल्या नळीत एक थेंब पडू द्यायचा नाही, आणि मग बसून राहायचं. कापूस पिऊ दे पोटभर. कापूस तहानलेला असताना खालच्या बॅटरीचं बटण दाबलंत की तो जळला, आणि कॉईल गेली. कॉईल काय, आठवडा-दोन आठवड्यांची सोबतीण, चव करपली की बदलायची. टाकी मात्र तीच. खोलायची, कोमट पाण्यात धुवायची, पुसायची, पुरती वाळू द्यायची, रिंगा चेपल्यात का बघायचं, चेपल्या तर नव्या. मी थक्क! कीर्तनात बुवा सांगतात, कुडी बदलते, जीव तोच राहतो. इथं उलटं! कुडी तीच, जीव बदलायचा!

मी म्हटलं, "पुष्करराव, विचारा त्याला, टाकी किती दिवस टिकेल?"

त्यानं विचारलं. पोरानं मान तिरकी केली. दातांतून हवा आत ओढली... स्स्स्... डोळे मिटले. उघडले. आणि मग जे बोलायला लागला, बोलायला लागला, मध्येच वाकतोय, परत बोलतोय, परत वाकतोय. संपल्यावर पुष्करराव म्हणाले, "सांभाळाल तितकी टिकेल."

"एवढंच? अहो, तो तर अध्याय बोलला!"

"अण्णा, बाकी सगळी माफी होती. नक्की सांगता येत नाही म्हणून."

सांभाळाल तितकी टिकेल! आता याला उत्तर म्हणायचं का? पण माझ्या डोक्यात ते बसलं बघा.

घरी आलो. आणि लागलो सांभाळायला. आंघोळीनंतर वाटी घ्यायची, कोमट पाणी, टॉवेलचा तुकडा, खिडकीशी बैठक. नेत्रा म्हणायची, "अण्णा, देवाची उपकरणीसुद्धा तुम्ही जन्मात कधी घासली नाहीत!" म्हटलं, देवानं कधी तक्रार केली नाही, ही लगेच करपते. आणि एक दिवस, मी वाफ सोडली, खिडकीतून बाहेर हां, घरात नाही, आणि मागून पावलं वाजली. राधिका. नाक पुढं केलं. हुंगलं. म्हणाली, "मेरोन!" खरबूज! आणि बसली की हो मांडीवर! अशी बसली की जशी काही जागा तिच्या नावावरच होती. मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, वारूळ झालं पायाचं, पण हललो नाही.

आता इथं थांबलं असतं तर मी तुम्हाला कशाला सांगत बसलो असतो?

टाकी गळायला लागली. बुडाशी रस पाझरतोय, बोटं चिकट, खिसा चिकट. बघितलं, तर खालची रिंग सैल. पुष्करराव कामाला ओसाकाला गेलेले. फोनवर म्हणतात, "अण्णा, शनिवारी आणतो नवी." शनिवार! आज मंगळवार! शनिवारपर्यंत हा हात ठेवू कुठं? मोज्यातलं बंडल मला दिसायला लागलं हो, मोजा बंद, पेटी बंद, तरी दिसतंय!

तर मी डोकं लावलं. मला सांगा, कुकरची रिंग सैल पडली, शिट्टी होईना, तर आपण काय करतो? फ्रीजरमध्ये ठेवतो! घटकाभरात रिंग आवळते, शिट्टी सुरू. आमच्या घरचा कुकर आमच्या मंडळींनी त्याच्यावर किती वर्षं ओढला. रबर ते रबर. मोठ्याला लागू तर छोट्याला का नाही? पण ही एवढीशी, त्यात काचेसारखी आरपार. फ्रीजरमध्ये नुसती ठेवली तर हरवेल. मग बर्फाचा ट्रे होता रिकामा. छान खण पाडलेले. एका खणात ठेवली, अगदी दागिना ठेवावा तशी. आणि जरा आडवा झालो.

जरा म्हणजे... डोळा लागला. तेवढ्यात नेत्रानं ट्रे पाण्यानं भरला. तिची काय चूक? रिकामा ट्रे दिसला, भरला. गृहिणी आहे.

संध्याकाळी शेजारचे मोरीसान आले. एकटेच राहतात, माझ्याच वयाचे, सोसायटीची सूचनांची पाटी असते, एका घरानं वाचून दुसऱ्याला नेऊन द्यायची, ती द्यायला. उकडत होतं म्हणून नेत्रानं त्यांना बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. बर्फ घालून! मोरीसान गुडघे मुडपून बसले, ताठ. प्याले. मध्येच थांबले. तोंडात काहीतरी घोळवल्यासारखं केलं. आमच्याकडं बघितलं, फार आदरानं. रुमाल तोंडाला लावला. मग वाकले, "ओइशीई," म्हणाले, म्हणजे फार चविष्ट, आणि गेले.

ते गेले, आणि मी रिंग आणायला उठलो.

ट्रे उघडला. बाकीचे किती रिकामे ते सोडा. ज्या खणात ठेवली तोच रिकामा! माझ्या पायाखालची जमीन सरकली, तीही सहाव्या मजल्यावर! मी म्हटलं, "नेत्रा... माझी रिंग मोरीसानच्या पोटात आहे."

"काय?"

सांगितलं. कुकरसकट सगळं सांगितलं. नेत्रानं ट्रे ओढून घेतला, उलटा करून बघितला. "अण्णा! आधी तुमच्या बिडीनं लिफ्टमध्ये चित्र लागलं. आता काय, रिंगेचं लागेल!" ओसाकाला फोन. पुष्करराव म्हणतात, "काय विचारू मी त्यांना? मोरीसान, क्षमा असावी, आपण आमची रिंग गिळलीत का? जपानीत असं वाक्यच नाही!"

राधिका सगळं ऐकतेय. माझ्या मांडीवरून उठून आईजवळ गेली.

तेव्हा मला वाटलं, झालं. टाकी गेली, शेजारी गेला, मांडी गेली. गेलो, मोजा काढला. बंडल सोडलं. एक बिडी ओठात धरली. पेटवली नाही हां, नुसती धरली. गॅलरीचं दार सरकवलं. काडेपेटी हातात. आणि काचेच्या पलीकडं राधिका उभी. नुसतं नाक धरलं. दोन बोटांनी. तयारी म्हणून!

आणि बेल वाजली.

मोरीसान! शर्ट बदललेला, भांग पाडलेला. हातात कागदी पिशवी. बिडी मी पटकन कानावर ठेवली आणि पुढं गेलो. ते वाकले, मी वाकलो, ते आणखी वाकले, मीही, नेत्रा मागून म्हणतेय, "अण्णा, पुरे, पडाल!" पिशवीत तांदळाच्या बिस्किटांचा डबा. डब्यावर कागदाची पुडी. पुडीत पातळ कागद. त्या कागदात, अहो, माझी रिंग! धुतलेली! पुसलेली! कोरडी ठणठणीत! आणि माफी कोण मागतंय? मोरीसान! नेत्रा ऐकत होती आणि तिचे डोळे मोठे मोठे होत होते. म्हणाली, "अण्णा, ते म्हणतात, पाहुण्याच्या पेयात कडं घालणं ही भारतातली काही शुभ चाल असेल असं वाटलं, नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून रुमालात घेऊन गेलो. घरी जाऊन विचार केला, ही तर कुणाच्या तरी उपयोगाची वस्तू. चुकून नेली, माफ करा."

चुकून नेली! आमची रिंग त्यांच्या दातात, आणि चुकून त्यांनी नेली! पाणी आलं डोळ्यांत. मग त्यांना आत बोलावलं, टाकी दाखवली, खोलली, रिंग बसवली, रस भरला, वाट बघितली, कापूस प्याला. एक थेंब गळला नाही! फ्रीजरनं आवळली, की मोरीसानच्या पुण्याईनं, देव जाणे. मोरीसाननी नेत्राला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "विचारतायत, किती दिवस टिकते ही?"

मी मान तिरकी केली. दातांतून हवा ओढली. स्स्स्... "सांभाळाल तितकी."

राधिकानंच सांगितलं त्यांना जपानीत. आणि सांगता सांगता माझ्या कानावरची बिडी काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकली. जळणाऱ्या कचऱ्याच्या, इथं ती वेगळी असते. बरोबर पिशवीत.

आता पुढचं ऐका. धुता धुता, पुसता पुसता, वाळवता वाळवता माझं ओढायचंच राहायला लागलं! वाळेपर्यंत जेवणाची वेळ, जेवून डुलकी, उठलो की राधिका शाळेतून आलेली. रसाची बाटली कोपऱ्यात तशीच. बंडलही गेलं. सुटलं सगळं. पुष्करराव म्हणाले, "अण्णा, शाबास! आता टाकून देऊ ही." द्या की! तर काच एका वारी, धातू दुसऱ्या वारी, रबराला तिसरी पिशवी, आणि खालची बॅटरी कुठल्याच वारी नाही, ती दुकानातल्या डब्यात नेऊन ठेवायची. मी म्हटलं, ठरवा तुम्ही सावकाश. मला घाई नाही.

कारण काय आहे, रोज संध्याकाळी मी वाटी घेऊन बसलो की ती मांडीवर येऊन बसते. रिंगा तिच्या. ती पुसणार, तिच्या छोट्या टॉवेलवर मांडणार, जपानीत मोजणार. काच मी धुवायची. मग ती काच दिव्यापुढं धरते, एक डोळा मिटून, त्या जांभळ्या केसांच्या पोरासारखी, आणि म्हणते, "आजोबा, मो इक्काई." म्हणजे परत एकदा.

आहे काय त्यात? वाफ नाही, रस नाही, डाग तर मला एकही दिसत नाही! पण धुतो.

...आलो गं, आलो! जातो हो मी. पाणी निवायला लागलंय, आणि आज वरची रिंगही काढायची म्हणतेय.