जीवनचं ताट

(धामणगाव बढे. ख्रिस्ती दफनभूमीचं फाटक. सोजराबाईच्या हातात झाकलेलं ताट, सोबत तिची लेक समीक्षा.)

फादर : ताट आत नेण्याआधी माझं ऐकून घ्या, सोजराबाई. हात जोडतो.

सोजराबाई : भाकर थंडी होऊन राह्यली, फादर. जीवनले थंडी भाकर आवडत नसे.

समीक्षा : आई, आइक तं खरं. ते मुद्दाम याच्यासाठीच आले.

फादर : जीवनला संत ठरवायचं का, याची चौकशी माझ्याकडं आहे. दूरच्या मिशनवर सेवेला असताना गुंडांनी त्याच्या गळ्याला सुरा लावला. ‘येशूला शिवी दे, सोडतो,’ म्हणाले. त्यानं दिली नाही, म्हणून जीव घेतला. अशा मरणाऱ्याला आम्ही रक्तसाक्षी म्हणतो.

सोजराबाई : शिव्या त्याले येतच नव्हत्या. लय भोळं पोट्टं.

फादर : पण निकाल लागेपर्यंत कबरीवर पूजा, नवस, नैवेद्य चालत नाही. लोकांनी आधीच देव करून ठेवला असं दिसलं, तर प्रकरण तिथंच अडतं.

समीक्षा : गावातले नारळ घेऊन आले होते, त्याइले म्याच वापस पाठोलं.

फादर : आणि आईला?

समीक्षा : तिले कोण अडवन? जीवनची माय बाळंतपणातच गेली. तवा मी अंगावर पेत होती. आईनं दोघाइलेबी पाजलं.

सोजराबाई : तो पोटभर पे आन् ही रडत बसे.

फादर : ठाऊक आहे मला. म्हणून तर सांगायला जीभ रेटत नाही. पण त्याच्या मरणाच्या दिवशी तुम्ही दरवर्षी हे ताट ठेवता, ते बंद करावं लागेल.

सोजराबाई : काऊन? त्याले उपाशी ठेवू?

फादर : तिथं भूक नसते, बाई.

सोजराबाई : त्याले नसन. मले घास उतरत नाही ना.

फादर : मला लिहून द्यावं लागतं, की कबरीवर कोणी नैवेद्य दाखवत नाही.

सोजराबाई : मंग लिहा ना. हा कुठी निवद हाये?

समीक्षा : आई, भरलं ताट कबरीसमोर ठेवलं तं लोक काय म्हणतीन?

सोजराबाई : अवं, निवद कोणी चाखून वाढते का?

फादर : म्हणजे?

समीक्षा : आमच्यात देवाचा सैपाक चाखत नाहीत, फादर. आधी जिभेले लावला तं उष्टा होते.

सोजराबाई : आन् हे भरीत म्या चाखलं. मीठ कमी वाटलं, टाकलं, पुन्हा चाखलं. अळणी असलं तं ताट सरकवून देये तो. उष्टं देवाले कोणी देते का? लेकराले देते माय. दात नव्हते तवा चावून चारलं म्या त्याले.

फादर : ...हे मी साक्ष म्हणून लिहून घेऊ?

सोजराबाई : घ्या. भरीतबी घ्या थोडं, घरी लय हाये.

फादर : जा, ठेवा ताट. आई मुलाला जेवू घालते, असंच लिहितो मी.

समीक्षा : आन् तो खरंच संत झाला तं, फादर?

फादर : मग काय! मेणबत्त्या लागतील, त्याच्या नावाचा सण होईल. कुठून कुठून लोक येऊन त्याच्यासमोर गुडघे टेकतील.

सोजराबाई : मंग तं मले चाखता नाही येणार.

फादर : तुम्हाला नको वाटतं का, त्यानं संत व्हावं?

सोजराबाई : नको काऊन वाटन? छाती भरून येते माही. याले टाइम किती लागते?

फादर : काय सांगू? कधीकधी माणसाची हयात जाते. तुम्हाला तो दिवस बघायला मिळेलच असं नाही. वाईट वाटून घेऊ नका.

सोजराबाई : वाईट कायचं? होऊ द्या सावकाश. माह्या मागं मंग होऊ द्या त्याले साऱ्याइचा.