पाचव्या पट्टीचा मुका सूर

मी, नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, वय २६ वर्षे, धंदा छापखान्यात पुस्तकबांधणी, शिक्षण नववी नापास, राहणार छापखान्याच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन स्वतःच्या हाताने जबाब लिहून देतो की,

मी आमच्या रॉक बँडमध्ये आठ वर्षे बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. आजवर एकतीस कार्यक्रम झाले. आत्या प्रत्येक कार्यक्रमाला येते व नंतर विचारते, "बाकीच्यांचं ऐकू आलं, तू काय करत होतास?" आज सायंकाळी सात वाजता मैदानावर आमचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. तीन हजार लोक येणार आहेत. हे मी साहेबांना पाच वेळा सांगितले.

गिटार दुरुस्तीला दिली होती. दुरुस्तीवाल्याने काल गिटारीची बंद पेटी दिली, ती मी आज दुपारी दोन वाजता मैदानावर उघडली. माझ्या गिटारीच्या सर्वांत बारीक तारेवर, दांड्यावरच्या पाचव्या आडव्या पट्टीला, सूर लगेच मरतो. तो दोष लाकडातच आहे. आठ वर्षे मी तो सूर शेजारच्या तारेवर घेतो. आज चुकून बोट तिथे पडले आणि सूर खणखणीत वाजला. म्हणजे ही गिटार माझी नव्हती.

तेव्हा मंचावर दुसऱ्या बँडची तालीम सुरू होती. त्यांच्या बेसवाल्याचा तोच सूर मेला. मी "माझी आहे!" असे ओरडत मंचावर चढलो व त्याच्या गळ्यातली गिटार ओढली. पट्टा त्याच्या मानेत होता, हे माझ्या लक्षात आले नाही. स्वयंसेवकांनी मला इथे आणले. तो बेसवालाही दोन्ही गिटारी घेऊन आला.

दोन्ही गिटारी काळ्या, एकाच बनावटीच्या, आणि दोन्ही त्याच दुरुस्तीवाल्याकडे होत्या; त्याच्याकडून पेट्यांची अदलाबदल झाली. साहेब म्हणाले, "वाजवून दाखव." स्पीकरशिवाय बेस ऐकू येत नाही, म्हणून मी माझ्या गिटारीचे टोक साहेबांच्या टेबलाला टेकवले. टेबल घुमू लागले. हवालदार म्हणाले, "साहेब, खुर्चीपर्यंत येतंय की हो!" साहेबांनी टेबलाला कान लावला. पाचव्या पट्टीला सूर मेला. साहेबांनी तीन वेळा वाजवायला लावले, तीनही वेळा मेला. दुसऱ्या गिटारीवर एकदाही मेला नाही.

दुसरा बेसवाला म्हणाला, "खरंय साहेब. मला वाटलं, माझंच बोट बिघडलं." मग मला म्हणाला, "अरे वेड्या, चांगली तुझ्याकडे आली होती. गप्प बसायचंस ना!"

मी म्हणालो, "आठ वर्षांची सवय, हात ऐकत नाहीत रे."

मी त्याच्या मानेबद्दल माफी मागितली. त्याने तक्रार मागे घेतली. ज्याची त्याची गिटार ज्याला त्याला मिळाली. आता सव्वापाच वाजले आहेत.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ओळींवर बोट ठेवून ऐकला, तो मी लिहिल्याप्रमाणे खरा आहे. कागदाच्या डोक्यावर साहेबांनी आधी ‘संशयित’ असे लिहिले होते. ते खोडून त्यांनी ‘बेसवादक’ असे लिहिले आहे. त्या खाडाखोडीवर माझी सही आहे.