तिसऱ्या मजल्यावरचे खारे पाणी

नाव: घरीदारी 'छोटी', पूर्ण नाव चौकीच्या वहीत आहे. वय: ४३. धंदा: चष्म्याच्या दुकानात काचा घासणे. राहणार: दुसरा मजला, जिन्याला लागून.

विचारल्यावरून समोर बसून सांगते की, माझ्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, माझी थोरली बहीण राहते. ती परिचारिका आहे. तिच्याकडे जिवंत प्रवाळांची काचेची टाकी आहे. आमचे दोन वर्षे बोलणे नाही. ती बाहेरगावी असताना तिच्या टाकीचे पाणी मी बदलले होते. मीठ मी घाईत कालवल्यामुळे तिचे प्रवाळ मेले.

आज सकाळी साडेदहाला माझ्या छतातून पाणी ठिबकू लागले. थेंब जिभेवर घेतला, खारट लागला. हवालदारांनी विचारले, छतातले पाणी चाखायची सवय आहे काय. सवय नाही. पण नळाचे पाणी खारट नसते, एवढे कळते. ताईला सात फोन केले. कामावर तिचा फोन कपाटात असतो. मग वर जाऊन हातोडीने कुलूप तोडले. हा गुन्हा असल्यास केला आहे.

आत पंपाची नळी निसटून निम्मी टाकी जमिनीवर आली होती. वरचे प्रवाळ उघडे पडले होते. नळी बसवली. पाणी माझ्याकडे तयार होते, कारण वर्षभर मीही एक लहान टाकी ठेवली आहे. ताईला माहीत नाही. आता होईल. पिंपात कालच मीठ कालवून पंपाने ढवळत ठेवले होते. खारेपणा मोजायचे यंत्र आधी बाटलीतल्या पस्तीसच्या, म्हणजे समुद्राइतक्या खारट, द्रावणावर जुळवले, मग पिंपातला थेंब टाकून उजेडाकडे धरले. पस्तीस. ताईच्या टाकीतही पस्तीस. तापमान दोन्हीकडे सव्वीस. तीनदा बघितले. या वेळी एकही प्रवाळ मरता कामा नये, एवढेच डोक्यात होते. पाणी मगाने थोडे थोडे ओतले.

चौथी बादली नेताना समोरच्या काकूंनी पोलिसांना फोन केला. मला त्यांचा राग नाही. तुटलेले कुलूप आणि नखशिखांत भिजलेली बाई बघून मीही केला असता. हवालदार आल्यावर मी म्हटले, "साहेब, पळून जात नाही, एवढी बादली होऊ द्या. तोवर हा थर्मामीटर धरा." त्यांनी धरला. नीट धरला.

बादली झाल्यावर मला चौकीत आणले. माझे सात फोन बघून साडेबाराला ताईही चौकीत आली. ती आधी घरी जाऊन आली होती. प्रवाळ फुलू लागल्याचे तिने हवालदारांना सांगितले, मला नाही. कुलपाबद्दल तक्रार नाही, हेही त्यांनाच.

वरील मजकूर वाचून दाखवताना, मीठ घाईत कालवल्याच्या वाक्यावर ताई म्हणाली, "ते खोडा." हवालदार म्हणाले, जबाब हिचा आहे. ताई म्हणाली, "तेव्हा हिने वापरलेलं यंत्र माझं होतं. बाटलीतलं द्रावण संपलं म्हणून मी ते साध्या पाण्यावर जुळवलं होतं. चाळीसला पस्तीस दाखवायचं. यंत्राप्रमाणे हिचं मीठ चोख होतं."

"कधी कळलं तुला?" मी विचारले.

"त्याच आठवड्यात. रोज तुझ्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे."

यावर मी तिला बरेच बोलले. ते लिहू नये अशी विनंती केल्यावरून लिहिलेले नाही. मला रडू आले, ते लिहायला हरकत नाही.

सदर वाक्य माझ्या संमतीने खोडले असून खोडलेल्या जागी आम्हा दोघींच्या सह्या आहेत. बाकीचा जबाब मी ऐकला, मी बोलले तसाच उतरला आहे.